ताऱ्यापुढून जाणारा ग्रह आणि नाना

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी नाशिकरोडला एका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. नाना सायखेड्यात राहायचे. सगळी नोकरी हायस्कुलात गणित शिकवण्यात गेलेली. दवाखान्यातून सोडल्यावर उपचार रोजचे होते, म्हणून आई त्यांना घेऊन आमच्याकडेच आली.

उजवा हात लुळा पडला होता, पाय ओढत चालायचे. पण खरं नुकसान बोलण्याचं झालं होतं. शब्द यायचे, ते भलतेच. चहा हवा असला की 'खिडकी' म्हणायचे, आणि आपण चुकलो हे त्यांना त्याच क्षणी कळायचं. मग ते गप्प बसायचे. आकड्यांचंही तसंच. आईने गोळ्या किती घेतल्या विचारलं तर 'नऊ' म्हणाले, आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. जन्मभर पोरांचे आकडे तपासलेला माणूस. मला तिथे उभं राहवलं नाही.

वाचा सुधारण्यासाठी एक तरुण बाई आठवड्यातून तीनदा यायच्या. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या: आंबा, गाय, कुलूप. नाना नाइलाजाने का होईना, प्रयत्न करायचे. एक दिवस बाईंनी दोन अधिक तीनचं कार्ड काढलं. नानांनी कार्डाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी पुढे काही झालं नाही.

बाई मनाला लावून घेणाऱ्या नव्हत्या. चपला घालताना मला म्हणाल्या, "त्यांना येतंय हो आतून. बाहेर यायची वाट बंद झालीय. त्यांच्या तोलामोलाचं काही असेल तर देऊन बघा ना."

तोलामोलाचं म्हणजे काय द्यावं, मला सुचेना. जुनी दहावीची पुस्तकं ठेवली तर त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत.

त्याच सुमारास विज्ञानाच्या एका मासिकात लेख आला होता. भाद्रपदा नक्षत्राच्या मोठ्या चौकोनाजवळ एक साध्या डोळ्यांना न दिसणारा तारा आहे. त्याच्याभोवती फिरणारा एक ग्रह दर साडेतीन दिवसांनी त्याच्यासमोरून जातो आणि तेवढा वेळ ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. बारावीच्या वर्गाला सांगावं म्हणून रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर आकडेमोड करत बसले होते. ग्रहाला तारा ओलांडायला किती वेळ लागेल, एवढंच काढायचं होतं. आई शेजारी गवार निवडत होती, नाना समोर बसले होते. तिने विचारलं म्हणून मी मोठ्याने सांगत होते.

"ग्रहाची फेरी किती लांब आणि ती किती वेळात होते, यावरून त्याचा वेग कळतो. ताऱ्याची रुंदी त्या वेगाने भागली, की झालं."

"आणि तो तारा कुणी मोजला?" आईने विचारलं.

मी उत्तर देणार तेवढ्यात नानांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. मला वाटलं पाणी हवंय. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बोट केलं.

मी पेन्सिल दिली, मासिकातली माहिती कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली आणि मुद्दाम स्वयंपाकघरात निघून गेले. दारातून दिसत होतं. डाव्या हाताने काढलेले त्यांचे आकडे पहिलीतल्या मुलासारखे वाकडे होते. लिहिलेलं खोडायचे, पुन्हा लिहायचे. भाजी निवडून झाली तरी आई उठली नाही.

गणित एका दिवसात झालं नाही. रोज सकाळी, कॉलेजला जाण्यापूर्वी, मी त्यांच्यापुढे नवा कागद ठेवत असे. बाईंनीही कार्डं पिशवीतच ठेवली. "आज काय काढताय?" असं त्या विचारायच्या, आणि नाना एकेक आकडा जुळवून सांगू लागायचे. चुकायचे, पण आता भिंतीकडे वळत नव्हते.

मग एका सकाळी मी निघायच्या घाईत असताना ते म्हणाले, "साडेतीन."

"हो नाना, साडेतीन दिवसांची फेरी. ते तर दिलेलंच आहे," मी म्हणाले.

त्यांनी जोरात मान हलवली. "साडेतीन." आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे हात केला. तरी मला समजेना. आईच म्हणाली, "अगं, तास म्हणत्यात ते. दिवस नाय."

मी कागद हातात घेतला. उत्तर साडेतीन तास होतं. वाकड्या आकड्यांतली एकही पायरी त्यांनी गाळली नव्हती. ताऱ्याच्या रुंदीत ग्रहाची स्वतःची रुंदीही मिळवली होती, कारण ग्रहाची पुढची कड ताऱ्याला टेकते तिथून ओलांडणं सुरू होतं आणि मागची कड सुटते तेव्हा संपतं. ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी खुर्चीवर बसून घेतलं. त्या दिवशी पहिला तास मला उशिरा घ्यावा लागला.

पण नाना खूश नव्हते. मासिकात लिहिलं होतं की उजेड तीन तासांहून थोडाच जास्त वेळ कमी होतो. म्हणजे जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक. मी म्हणाले, "नाना, इतक्या लांबचं गणित आहे. मासिकवाले ढोबळच लिहितात. तुमचं बरोबर आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत एखाद्या उत्तर चोरणाऱ्या पोराकडे पाहत असतील.

दोन दिवस ते त्यातच होते. तिसऱ्या दिवशी मी घरी आले तर टेबलावर आईची ताटली पालथी आणि तिच्याभोवती पेन्सिलीने आखलेला गोल. गोलाच्या बरोबर मधून एक रेघ, तिच्यावर काट. वरच्या बाजूला दुसरी रेघ, पहिलीपेक्षा आखूड. नानांनी त्या आखूड रेघेवर बोट ठेवलं.

"मधून... नाय," ते म्हणाले. "मधून नाय जात."

वर्गात 'नाय' म्हणणाऱ्या पोरांना उभं करून 'नाही' म्हणायला लावणारे माझे वडील. आई हसू लागली, आणि नानांना का ते कळल्यावर तेही हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

आपण मानलं होतं की ग्रह ताऱ्याच्या मध्यावरूनच जातो. त्याची वाट आपल्या नजरेला थोडी तिरकी असेल तर तो मध्य सोडून जाईल, रस्ता कमी पडेल, वेळही कमी लागेल. मध्य आणि कड यांच्या निम्म्यावरून तो जातो असं धरून आम्ही दोघांनी पुन्हा मांडलं. भागाकार मी केला, तपासला त्यांनी. तीन तास आणि वर थोडी मिनिटं आली. पुढे कॉलेजच्या लायब्ररीत त्याच ग्रहावरचा मोठा लेख मिळाला. त्यात वाट तिरकी असल्याचं दिलं होतं. मी तो वाचून दाखवला तेव्हा नानांनी नुसती मान डोलावली. त्यांचं काम त्यांच्या दृष्टीने आधीच झालं होतं.

बोलणं पूर्वीसारखं कधीच झालं नाही. अडखळायचे, मधेच थांबायचे. पण थांबले की शोधायचे, सोडून द्यायचे नाहीत. थंडी सरत आली तेव्हा त्यांनी "घरी" म्हटलं, आणि त्यांना कोणतं घर म्हणायचंय हे विचारावं लागलं नाही.

मी नाना आणि आईला एसटीत बसवायला स्टँडवर गेले आणि त्यांच्याबरोबर आत चढले. कंडक्टर जवळ आला तशी आईने पिशवीत हात घातला, पण बोलले नाना. "तीन," ते म्हणाले.

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार होते. आईने माझ्या हातावर हात ठेवला. नानांनी डोळे मिटले. मागचे लोक थांबले होते.

"दोन," नाना म्हणाले. "दोन सायखेडा."

कंडक्टरने तिकिटं फाडून त्यांच्या डाव्या हातात दिली. मी खाली उतरले आणि गाडी वळेपर्यंत तिथेच उभी राहिले.