ताडपत्रीआडची हाक

ज्या माणसानं मला भर गल्लीत फितूर म्हटलं, त्याच्याबद्दल चांगलं लिहायची मला काही हौस नाही. पण नानासोबद्दल आमच्या तासगावात जो तो काहीबाही सांगत सुटलाय आणि त्यातलं निम्मं खोटं आहे. मी त्याच्या शेजारी राहते. माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि आमच्या वरच्या गल्लीच्या गणपती मंडळाचे कपडे मीच शिवते. त्यामुळं झालं ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

नानासो द्राक्षांच्या औषधांच्या दुकानात कामाला आहे. वेलीवरचा भुरी रोग कुठला आणि करपा कुठला हे शेतकऱ्याला न चिडता चारदा समजावून सांगणारा माणूस. पण श्रावण लागला की तो लेखक होतो आणि मग त्याच्याशी बोलायची सोय राहत नाही. आमच्याकडं गणपतीत जिवंत देखावे करतात. आवाज आधीच सांगलीच्या स्टुडिओत भरून आणायचा आणि स्टेजवरच्या माणसांनी त्या आवाजावर ओठ हलवायचे, हातवारे करायचे. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, संपला की पुन्हा पहिल्यापासून. पडदा उघडेपर्यंत विषय कुणाला कळू द्यायचा नाही यातच सगळी ईर्षा. म्हणून स्टेजला चारी बाजूंनी ताडपत्री बांधतात आणि रात्रंदिवस राखण बसवतात.

नानासोची राखण स्टेजपुरती नव्हती. प्रत्येक नटाला तो फक्त त्याच्यापुरतं सांगायचा, शेवट कुणालाच नाही. आवाज भरलेला पेनड्राइव्ह बिरोबाच्या ताइताबरोबर काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचा. मी विचारलं, "भावजी, कपडे कुठल्या काळातले शिवू?" तर म्हणाला, "ते तुमाला कशाला, वहिनी? मापं घ्या." बरं, मापं घेतली. माझं माहेर खालच्या गल्लीत, म्हणजे आमच्या मंडळाच्या वैऱ्यांत. राखी बांधून परत आले तर हा दारातच उभा. "काय काय बोलणं झालं?" मी म्हटलं, "भावाला ओवाळलं, पुरणपोळी खाल्ली. त्यात तुमचा देखावा कुठं बसतो?" तो हसला नाही.

त्याचा संशय अगदीच बिनबुडाचा होता असंही नाही. काही वर्षांपूर्वी त्यानं मोबाइलनं गिळलेल्या गावाचा देखावा केला होता. पुढच्या वर्षी तोच देखावा दुसऱ्या एका गावात कुणीतरी जसाच्या तसा उभा केला आणि बक्षीस घेऊन गेलं. नानासोला संहितेचं बक्षीस अजून एकदाही मिळालेलं नाही. खेळ सुरू होताना भोंग्यातून "संकल्पना आणि लेखन, नानासो" असं म्हणतात. त्या वेळी तो बरोबर भोंग्याखाली येऊन उभा राहतो आणि कानाला खाज सुटल्यासारखं करतो. मला त्याचं हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

यंदाचा देखावा पाणी संपलेल्या जगाचा होता. तालमी गावाबाहेरच्या बेदाण्याच्या शेडमध्ये. बेदाण्याचा हंगाम सरला की तिकडं कुत्रंही फिरकत नाही, म्हणून नानासोनं ती जागा हेरलेली. कपडे घालून बघायला मला एकदा नाइलाजानं नेलं. गोणपाटाचे फाटके अंगरखे मी शिवलेले. त्यावर त्यानं दुकानातले फवारणीचे मास्क आणि गॉगल चढवले होते. मी म्हटलं, "हे तर रविवारी टीव्हीवर डब केलेले इंग्रजी पिक्चर लागतात तसलंच झालं."

"ते वरचं झालं वहिनी," तो म्हणाला. "धूळ, मास्क, गंजलेली जीप, ह्ये कुणाच्या बापाचं नसतं. जग बुडवायचं म्हटलं की समद्यांना तेच सुचतं. माझं हाय ते आत हाय. ऐका."

आणि इरेला पेटून, नटांना शेडबाहेर काढून त्यानं मला एकटीला आवाज लावला. तारा नावाची आजारी मुलगी एका जागी बसून आहे. मोठा भाऊ पाणी शोधायला गेलाय. धुळीत त्याची वाट चुकू नये म्हणून ती वायरलेसवरून थोड्या थोड्या वेळानं हाक मारते, "दादा, येतोस का?" पलीकडून तो म्हणतो, "आलो गं." पुन्हा हाक, पुन्हा आलो गं. मग एका हाकेला ओ येत नाही. बॅटरी संपलेली असते. भाऊ पाणी घेऊन पोचतो तेव्हा मुलगी गेलेली असते. बस, एवढंच.

माझ्या अंगावर काटा आला. नानासोनं पेनड्राइव्ह काढून परत गळ्यात घातला. "ही न आलेली ओ माझी," तो म्हणाला. "दावा मला कुठल्या पिक्चरात हाय ती." खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. औषधं विकणाऱ्या माणसाला असलं सुचेल कसं? पुढचे कितीतरी दिवस मी टीव्हीवरचे बुडालेल्या जगाचे सिनेमे मुद्दाम बसून पाहिले. ती हाक कुठंच सापडली नाही.

त्याच गडबडीत त्याच्या आईचं, तानुबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. तानुबाई मूळच्या आटपाडीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. नानासोनं त्यांना सांगलीच्या शिबिरात पोचवलं आणि तालीम आहे म्हणून पाठमोरा झाला. दोन दिवस त्याला तिकडं जायला सवड झाली नाही. शेवटी म्हातारी शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या गाडीतून घरी आली. त्यावरही नानासोनं विचारलं, "गाडी कुणाची हुती?" तानुबाई म्हणाल्या, "चार चाकाची," आणि आत गेल्या.

पडदा उघडला त्या संध्याकाळी आमच्यापुढं गर्दी मावेना. बाया पदर डोळ्याला लावत होत्या. नानासो भोंग्याखाली उभा होता आणि कान खाजवायलाही विसरला होता. तेवढ्यात गर्दीतला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "खालच्या गल्लीत पण हेच लावलंय की रं."

नानासोनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

तो डोक्याला मफलर गुंडाळून निघाला. मीही मागोमाग गेले, कारण आता माझ्याही अब्रूचा प्रश्न होता. खालच्या गल्लीचा देखावा वीरधवल लिहितो. कॉलेजात नाटकं केलेला, आता वडिलांची द्राक्षबाग बघणारा पोरगा. आम्ही पोचलो तेव्हा खेळ निम्मा झालेला. तिथंही पाणी संपलेलं जग, पण मास्क नाही, जीप नाही. पुढच्या शतकातली माणसं पुन्हा मेंढरं घेऊन पाण्यामागं हिंडतायत. बाभळीखाली कोकरं कवटाळून एक मुलगी बसली होती. हरणा तिचं नाव. तिची थोरली बहीण नदीच्या वाळूत झरा उकरायला गेलेली. आणि ती मुलगी हाक मारत होती, "अक्का, आलीस का गं?" लांबून आवाज, "आले गं."

मग एका हाकेला ओ आली नाही.

नानासो तिथूनच माघारी फिरला. रस्ताभर एकच बडबड. "माझी तारा काढून हरणा घातली. वायरलेस काढून मेंढरं घातली. चोरीचं जनावर वळखू येऊ नये म्हणून शिंगं रंगवल्याली. पर हाक? हाक माझीच हाय." गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तो थांबला आणि चारचौघांत मला म्हणाला, "शेडमधी आवाज तुमीच ऐकला हुता, वहिनी. फितुरी केलीत." मी काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सकाळी उठून त्याच्या घरी गेले, भांडायलाच. तो देखाव्यांच्या स्पर्धेच्या परीक्षकांकडं निघाला होता. वीरधवलनं देखावा चोरला आणि त्याला तो मी फोडला, असं तो तिथं सांगणार होता. तसं झालं असतं तर खालच्या गल्लीत मला माहेर उरलं नसतं आणि वरच्या गल्लीत दुकान. मी दारातच त्याला अडवलं. ओट्यावर तानुबाई काळा चष्मा लावून बसल्या होत्या.

"सकाळच्या पारी कशाला कालवा करतायसा?" त्या म्हणाल्या.

"आये, तू गप. तुला त्यातलं कळत न्हाई."

"काय गेलंय तुझं, ते तर सांग."

मग त्यानं सगळं सांगितलं. आईला पटवावं म्हणून नाही, मला ऐकवावं म्हणून, मोठ्यानं. मुलगी कशी बसते, हाक कशी मारते, ओ कशी येत नाही. त्याचं झाल्यावर तानुबाई म्हणाल्या, "त्यांनी पोरीचं नाव काय ठिवलंय?"

"हरणा."

"मग बराबर हाय. हरणाच हुती ती. माझी भण."

नानासो खाली बसला. म्हातारी सांगत गेली, भाजी निवडताना सांगावं तसं. "बहात्तर सालचा दुस्काळ. बा मेंढरं घिऊन फुडं गेल्याला. हरणाला ताप. मी माणगंगेत झरा उकराय गेले. वावटळ सुटल्याली, काय दिसंना. ती हाक मारायची, म्या ओ द्यायची. तुला झोपवताना सांगायची की रं, रोज. ती गोष्ट सांगितल्याबिगर तू डोळा मिटत न्हवतास."

"मग खालच्या गल्लीत कुणी सांगितलं?"

"म्या. माझ्या शेजारच्या खाटेवर त्या वीरधवलाची आई हुती. दोघींच्या बी डोळ्यांस्नी पट्ट्या. म्या बोलत हुते, ते पोरगं डबा घिऊन आलं, बसून ऐकत ऱ्हायलं. म्हनलं, आज्जी, तिचं नाव काय हुतं? मग म्हनलं, देखाव्यात घेऊ का? म्या घे म्हनलं." त्यांनी नानासोकडं तोंड फिरवलं. "नाना, तू इतक्या बारीला ऐकलंस. तिचं नाव कवा इचारलंस का?"

खरं तर मला तेव्हा आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. पण त्याचं तोंड बघून माझा सगळा राग गेला. तो खोटं बोलला नव्हता, हे मला त्या क्षणी पटलं. ती हाक आपल्याच डोक्यातून आली असं तो मनापासून मानत होता. झोपेत कानात पडलेलं आपलं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं, हे त्याला तरी कसं कळावं?

तरी संशय त्याच्या रक्तातच. थोड्या वेळानं म्हणतो, "वीरधवलानं मुद्दाम गोड बोलून काढून घेतलं असंल. तुझ्या शेजारची खाट त्याच्याच आईला कशी मिळाली?"

"मला न्हे तिकडं," तानुबाई म्हणाल्या. "मला बघायचंय."

"आमचा बघ की, आये."

"तुझा बी बघीन. पर आदी तिचा."

संध्याकाळी आम्ही तिघं खालच्या गल्लीत गेलो. नानासोनं या वेळी मफलर बांधला नव्हता. वीरधवलनं लांबूनच पाहिलं आणि खुर्ची घेऊन धावत आला. नानासो माझ्या कानाशी कुजबुजला, "बघा, कसा फुडं फुडं करतोय." तानुबाईंनी खुर्ची नको म्हटलं, उभ्याच राहिल्या.

आदल्या दिवशी आम्ही मध्येच शिरलो होतो, म्हणून सुरुवात ऐकलीच नव्हती. भोंगा म्हणाला, "मूळ गोष्ट, तानुबाई, माणगंगाकाठच्या. लेखन, वीरधवल." नानासोनं भोंग्याकडं मान वर करून पाहिलं आणि मग कितीतरी वेळ तो खालीच बघत होता.

खेळ सुरू झाला. तानुबाईंनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हटलंय, असं मी पुटपुटले, पण त्यांचं लक्षच नव्हतं. बाभळीखाली ती मुलगी. कापसाची कोकरं. हाक आली, "अक्का, आलीस का गं?" भोंग्यातून ओ आली. पुन्हा हाक, पुन्हा ओ. मग शेवटची हाक आली आणि भोंगा गप्प झाला. ती शांतता वीरधवलनं चांगली लांब ठेवली होती. एवढ्या गर्दीत एकही पोर रडत नव्हतं.

"आले गं, हरणे," तानुबाई म्हणाल्या. मोठ्यानं, लांबच्या माणसाला ऐकू जावं असं.

लोक वळून बघायला लागले. नानासोनं आईचा हात धरला आणि तिला गर्दीतून बाजूला आणलं. एका बंद दुकानाच्या पायरीवर तिला बसवलं, स्वतः खाली रस्त्यावरच बसला. मला वाटलं आता हा पुन्हा वीरधवलाचं काहीतरी काढणार.

"आये," तो म्हणाला, "तवा ओ का दिली न्हवतीस?"

तानुबाईंनी चष्मा परत डोळ्यावर चढवला.

"झरा लागला हुता. तोंडात पाणी हुतं, नाना."