नानांना उत्तर कोण देणार?

"सिस्टर, डॉक्टर रजेवर आहेत म्हणून सांगा," आरएमओ साहेब म्हणाले. आरएमओ म्हणजे हॉस्पिटलातच मुक्काम असलेले आमचे बॉस.

"सर, ते आत चहा पितायत. दार उघडंच आहे."

बाहेर बाकावर चाळीसगावकडचे नाना बसले होते. ही गोष्ट धुळ्याची, नव्वदच्या सुमाराची. मी मानसोपचार वॉर्डची इन्चार्ज होते. नानांचा कॉलेजात शिकणारा दीपक डिप्रेशनसाठी आमच्याकडे ॲडमिट होता. नाना येताना घरची केळी आणून अख्ख्या वॉर्डाला खायला लावत. मी रागावले की मला दोन जास्त.

दीपकला अँटी-डिप्रेसंट, म्हणजे उदासीवरची गोळी सुरू होती. तिचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. पण दीपक लवकरच जेवायला लागला, माझ्या चालण्याची नक्कल करायला लागला. हुबेहूब करायचा गधडा. आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. सणाला पोरगा घरी हवा, असं त्याची आई म्हणाली. सगळ्यांनाच पटलं, डिस्चार्ज झाला. सण झाला आणि त्याच आठवड्यात दीपकनं घरी आत्महत्या केली. बातमी आली तेव्हा मी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडले.

आता नाना आले होते आणि आरएमओ साहेबांना बाकाखालीसुद्धा वकील दिसत होता. मी दीपकवर उपचार करणाऱ्या त्या डॉक्टरांच्या हातातला कप काढून घेतला आणि म्हटलं, चला. डॉक्टर मुकाट्यानं येऊन नानांशेजारी बसले.

"डाक्टरसाहेब, तुमनी गोयीमुये मना पोऱ्या गया, का मी त्याले घर लई गऊ म्हनीसन?" पोरगा गोळीमुळे गेला की आपण घरी नेल्यामुळे, एवढंच त्यांना हवं होतं.

"नाना, नक्की मलाही सांगता येत नाही. गोळी सुरू झाली की कधीकधी अंगात बळ आधी येतं, मन मागून सावरतं. ते मधले दिवस फार जपायचे असतात. हे आम्ही तुम्हाला बजावून सांगायला हवं होतं. तुम्ही त्याला मायेनं नेलंत."

 नाना म्हणाले, "आते पुढला बापले हाई आधी सांगा."

तेव्हापासून डिस्चार्जआधी आम्ही घरच्यांना समोर बसवून सांगायला लागलो: गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पेशंटला एकटं सोडू नका, शंका आली तर लगेच घेऊन या. बेड अडतात म्हणून आरएमओ साहेब कुरकुरले. कुरकुरू देत.

पेशंट हसायला लागला की नातेवाईक निवांत होतात. आम्ही नर्सेस तेव्हाच खुर्ची जरा जवळ ओढतो.