चिठ्ठीवर खोटं चालत नाही

मनकर्णा वर्षाचे नऊ महिने मनकर्णा असायची आणि तीन महिने आशाबाई. लग्नात नवऱ्यानं नाव बदललं तर समजतं हो, पण हिचं नाव बदलायचं बार्शीटाकळीच्या वाटेवरचं कपाशीचं बियाणे केंद्र. तेही एकदा नाही, एकोणीस वर्षं, दर सप्टेंबरात!

कारण ऐका. रोजंदारीवाल्याचे वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले, की त्याला काढताना कायदा आडवा येतो. मग हुशार लोकांनी काय करावं? दोनशे पस्तीसवर नावच कापावं. डिसेंबरात नाव लागलं, की ऑगस्ट सरता सरता मनकर्णाचे तेवढे भरत. हजेरी लिहिणारा देवराव बाबू मस्टरवर तिच्या नावावर लाल रेघ ओढायचा आणि दुसऱ्या दिवशी 'आशाबाई' कामावर यायची. तेच लुगडं, तेच हात, तोच डबा. आशाबाई नावाचं माणूस कधी जन्मालाच आलं नव्हतं.

बरं, तीन महिने घरी का पाठवत नव्हते? कारण तेव्हाच कपाशी फुलावर असते. नवं वाण काढायचं तर संध्याकाळी कळीतला नर भाग नखानं काढायचा आणि सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. नख जरा खोल गेलं की कळी गळाली. मनकर्णाच्या हातची गळत नसे. केंद्राचे मोठे साहेब, ते वाण काढणारे, आपल्या ओळींना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. म्हणजे बाई कामाची, फक्त कायम करायच्या लायकीची नाही. वा रे न्याय!

प्रत्येक फुलाला एक चिठ्ठी बांधायची. कोणत्या झाडाचा कोणत्या झाडाशी संकर, तारीख आणि करणाऱ्याचं नाव. पहिल्याच वर्षी तिनं विचारलं, "साहेब, चिठ्ठीवर आशाबाई लिहू काय?"

साहेब उखडले. "वेड लागलं का, बाई? चिठ्ठीवर खोटं चालत नाही. हे शास्त्र आहे!"

चौथी पास मनकर्णानं मान खाली घालून स्वतःचं नाव लिहिलं. पुढं दरसाल लिहीत राहिली. बोंड फुटलं की चिठ्ठी सरकीसोबत पाकिटात जायची आणि पाकीट साहेबांच्या कपाटात.

इकडं वऱ्हाडात कापसानं घरंच्या घरं बसत होती. नव्या बियाण्याची सगळीकडं ओरड होती. २००६ साली साहेबांचं कोरडवाहू वाण बाहेर पडलं. शाल झाली, श्रीफळ झालं, पेपरात फोटो आला. मनकर्णा मागं खुर्च्या उचलत होती. आणि त्याच डिसेंबरात देवराव म्हणाला, "बाई, यंदा तुमचं नाव लागत नाही. आता ठेकेदाराची माणसं येतील."

"एकोणीस साल झाले, देवराव! काहून काढून राहिले मले?"

"सलग कुठं होत्या तुमी? दरसाल तीन महिने घरीच तर बसल्या. मस्टर पाहा ना."

मनकर्णाच्या अंगाची लाही लाही झाली. चोर तो चोर, वर शिरजोर! घरी येऊन ती रडली नाही, चूलही पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी सरळ अकोल्याला गेली आणि नीलम वकीलबाईच्या दारात बसली.

कामगार न्यायालयात तारखा पडत राहिल्या. दोन वर्षांनी साहेब साक्षीला उभे राहिले. इस्त्रीची पॅंट, गळ्यात टाय. म्हणाले, "सप्टेंबर ते नोव्हेंबर या बाई केंद्रावर नसायच्या." पापणीसुद्धा हलली नाही हो माणसाची!

कोर्टाच्या हुकुमानं मागवलेली पाकिटं नीलमनं टेबलावर ओतली. साहेबांच्या त्याच गाजलेल्या वाणाची. चिठ्ठी वाचली, तारीख सप्टेंबरची, नाव मनकर्णा. दुसरी ऑक्टोबरची, मनकर्णा. तिसरी, चौथी, विसावी, सगळीकडं मनकर्णा. आशाबाई एकीवरही नाही.

मनकर्णाला राहवलं नाही. ती उठलीच. "मी आलीच नव्हती ना, साहेब? मंग तुमचं वाण कोणं जन्माले घातलं? म्हणा ह्या चिठ्ठ्या खोट्या. म्हणा ना! शाल वापस करा मंग."

न्यायाधीशांनी तिला खाली बसवलं आणि साहेबांना एवढंच विचारलं, "चिठ्ठी खरी की मस्टर?"

साहेबांनी घाम पुसला. बाईचं आयुष्य खोटं ठरवायला तोंड उघडलं होतं, पण स्वतःचं वाण खोटं ठरवायला जीभ वळेना. म्हणाले, "चिठ्ठी खरी."

कायम करण्याचा हुकूम निघाला तेव्हा निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. अख्खी जवानी खाऊन दीड वर्ष दिलं मेल्यांनी. तरी पहिल्या दिवशी मनकर्णा वेळेच्या आधी केंद्रावर पोचली. देवरावनं उठून खुर्ची दिली, कधी नव्हे ते हसला आणि सहीसाठी मस्टर पुढं सरकवलं.

तिनं पेनाला हात लावला नाही. "जुने मस्टर काढ, देवराव. एकोणीसच्या एकोणीस. त्या आशाबाईच्या नावावर लाल रेघ ओढ, माह्या डोयासमोर. मंग मी सही करतो."

आणि सगळ्या रेघा ओढून होईस्तोवर ती टेबलापासून हलली नाही.