थोरल्या काकूच्या परागाच्या बाटल्या

आमच्या थोरल्या काकूशी कुणाचं पटलं नाही, आणि तिला त्याची खंतही नव्हती. ड्रॅगन फ्रूटची बाग मात्र तिच्याच हातावर चालायची. आमच्या लाल जातीला स्वतःचा पराग चालत नसे, पांढऱ्या जातीचा लागे. पांढरीची फुलं आधीच येऊन जात. म्हणून काकू त्यांचा पराग कागदावर झटकून, सावलीत वाळवून, बारीक बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवायची. लाल फुलं उमलली की पहाटे ब्रशनं एकेका फुलात तो लावत फिरायची.

घरात फ्रीज एकच. त्याच्या वरच्या दाराला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा बाबांचा पाय मुरगळला, म्हणून आईनं बर्फासाठी ते उघडलं. काकू ओट्यापासून कडाडली, "बंद कर ते. पाय उद्या बरा होईल, पराग होणार नाही."

"माणसापेक्षा भुकटी मोठी झाली का?" आई म्हणाली.

"ह्या घरातल्या माणसांपेक्षा, हो."

त्यानंतर चुली वेगळ्या झाल्या, मग बागही. लाल फळाला भाव जास्त, म्हणून बाबांनी वाटणीत सगळी लाल झाडं मागून घेतली. काकांनी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "घेऊ दे त्यांना." बाबा खूश.

हंगामात फुलं भरपूर आली आणि पिवळी पडून गळाली. तेव्हा कुठे बाबांच्या डोक्यात उजेड पडला. स्वतः जायची लाज वाटली, त्यांनी आईला पुढे केलं.

काकू दार अडवूनच उभी राहिली.

"जाऊबाई, दोन बाटल्या द्या. आमची फुलं गळताहेत."

"दिसतंय मला."

"मग?"

"तुम्ही झाडं मागितलीत. पराग कुठे मागितलात?"

दार लागलं. लांबच्या बागवाल्यांना ती बाटल्या द्यायची. आम्हाला नाही.

आईनं पुन्हा तो उंबरा चढला नाही. तिनं बाबांना फ्रीज घ्यायला लावला, पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाच एका ओळखीच्या बागेतून पांढरीची फुलं आणली आणि पराग वाळवून ठेवला. पहिली बाटली तिनं फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडली. आत दमट हवा शिरली, भुकटीचा चिकट गोळा झाला. दिवसभर आई भांडी आदळत होती. पुढच्या खेपेला तिनं आधी बाटलीचा गारठा जाऊ दिला, मगच झाकण काढलं. भुकटी कोरडी राहिली, आणि फळ धरलं.

फळांवर रंग चढला तशी काकू कुंपणाशी येऊन बघत उभी राहिली.

"बारीक राहिलीत," ती म्हणाली.

"राहू देत. तुम्हाला कुठे खायचीत?" आई म्हणाली.

काकूनं दुसऱ्याच दिवशी कुंपणाला आणखी एक तार ओढून घेतली. आईनं त्या तारेला लागून, आमच्या बाजूनं, पांढरीची नवी रोपं लावली.