पाठमोरा फोटो

मी गावची आशा सेविका. लसीकरण, बाळंतपणं, लोहाच्या गोळ्या, वजनं, सगळं काम फोनवर चालतं, म्हणून अर्ध्या गावाचे नंबर माझ्या फोनमध्ये. नंबर जास्त तशी स्टेटसही जास्त दिसतात, आणि खोटं कशाला बोलू, दुपारचा चहा पिताना ती एकेक करून पाहायची मला सवय होती. देवाचे फोटो, नवी गाडी, कोणाच्या साल्याचा वाढदिवस. त्या दिवशी मुलीच्या वर्गशिक्षकांचं स्टेटस उघडलं, तर त्यात माझी मुलगी.

पाठमोरी होती. फळ्यासमोर उभी, हातात खडू, फळा कोरा. चेहरा दिसत नव्हता. पण तिच्या ड्रेसची डावी बाही फाटली तेव्हा मीच बदलली होती, आणि मेहकरात नेमकं तसलं निळं कापड मिळालं नाही म्हणून ती जरा फिकट होती. ती बाही गावात सगळ्यांच्या ओळखीची. खाली सरांनी लिहिलं होतं, 'दहावीचं वर्ष! बाईसाहेब पऱ्हाटीतून थेट फळ्यावर. यांच्यापेक्षा बुजगावणं बरं, त्याला पाखरं तरी भितात.' पुढे हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारी तोंडं.

दिवाळीनंतर पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं फुटली की आमच्याकडे वेचायला बाई मिळत नाही. ज्याचं त्याचं वावर पांढरं झालेलं असतं, कोण कोणाकडे जाणार? म्हणून आठवडाभर ती आमच्यासोबत कापसात होती. चूक आमचीही होतीच. सर घरी येऊन मला दोन शब्द बोलले असते, तर मी खाली मान घालून ऐकून घेतले असते. माणूस चांगलं शिकवतो असं सगळेच म्हणायचे, मीही म्हणायची.

स्टेटस एका दिवसात आपोआप जातं हे मला माहीत होतं. तोवर पोरीला कळू नये, एवढंच मी गजानन महाराजांकडे मागत होते. तिच्याजवळ फोन नव्हता, तेवढाच आधार. एका गरोदर बाईचं वजन घ्यायला गेले तर काट्यावरचा आकडा दोनदा वाचूनही डोक्यात शिरेना. मधूनमधून फोन काढून बघत होते, गेलं का म्हणून. मग एकदम ध्यानात आलं, की मी पाहिलं हे सरांच्या फोनवर दिसत असणार. म्हणजे हिच्या आईनं पाहिलं हे त्यांना कळतंय, आणि तरी ते काढत नाहीत. तोवर नुसती भीती वाटत होती. तेव्हा पहिल्यांदा राग आला.

संध्याकाळी पोरगी शाळेतून आली, जेवली, भांडी घासली. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली पोट दुखतंय. तिसऱ्या दिवशीही पोटच. मी घरोघर जाऊन पोटदुख्या ऐकते, खरी कोणती नि खोटी कोणती हे मला कळतं.

"कोणं दाखोलं तुले?" मी विचारलं.

"मधल्या सुट्टीत सगळेच पाहून राह्यले होते."

"मंग? चार दिवस हासतीन अन् भुलून जातीन. शाळेत काऊन नाही जात?"

"वावरात फळा नसते, आई."

तिच्या बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे होते, ती त्यांच्याकडेच बघत बसली.

आमच्या घरात अशी गोष्ट लपून राहत नाही. माझे मोठे दीर ओसरीत येऊन बसले. मनानं वाईट नाहीत, पण त्यांना प्रत्येक अडचणीवर लग्न हाच उपाय सुचतो. म्हणाले, "शिक्याचं मन नसन तं जबरदस्ती कायले? एखादं ठिकाण पाहून ठेवू. उन्हाळ्यात उरकून टाकू."

"अठरा पूर्ण झाल्याबिगर नाही," मी म्हणाले.

"हे तुह्यं भाषण लोकायले दे. घरात नको देत जाऊ."

ते हसले. माझा नवराही कसनुसा हसला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, अशी गत व्हायची वेळ आली होती. मुलीला शिकवा, घाई करू नका, हे मी दारोदार सांगते, आणि घरी पोरगी शाळा सोडून बसली की उन्हाळा किती लांब असतो? रात्री नवऱ्याला म्हटलं, तुम्ही काही बोला. तो म्हणाला, "वाढवू नको. तिले बसू दे चार दिवस."

मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा सांगितला. म्हणाले, "ताई, सर तरुण आहेत, गमतीत टाकलं. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं." मी म्हटलं, मनात काय होतं ते मी विचारलंच नाही, स्टेटसवर होतं तेवढंच विचारते. पण तोवर गोष्ट माझ्या हातातून गेली होती. कोणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, तो चावडीवरच्या पोरांच्या फोनमध्ये फिरत होता, आणि यूट्यूबवर बातम्या देणारा एकजण शाळेच्या फाटकाशी माईक घेऊन उभा राहिला. त्याला बघून शाळेला जाग आली. मला बघून आली नव्हती.

त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला. 'माझ्या पोस्टमुळे अनवधानाने कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करतो. हेतू शुद्ध होता.' खाली जोडलेले हात. त्याच्या खाली पालकांनी फुलं टाकली, अंगठे टाकले. एकानं लिहिलं, 'सर, आपण मोठ्या मनाचे आहात.' मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. असल्यास! पोरगी शाळेत येत नव्हती, हजेरी तेच घेत होते, आणि तरी असल्यास.

मग मुख्याध्यापकांनी पालकसभा बोलावली. मला निरोप आला, मुलीला घेऊन या, सर सगळ्यांसमोर बोलणार आहेत. मी तिला कितीतरी समजावलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेवटी तिनं एकच विचारलं.

"माह्यं नाव घेऊन म्हणतीन काय? हजेरीत घेतेत तसं, पूर्ण?"

"हाव, म्हणतीन ना," मी म्हणाले. कोणाच्या भरवशावर म्हणाले कोण जाणे.

सभेला बरीच माणसं होती. टेबलावर हार, शाल, नारळ पाहून मला वाटलं कोणी पाहुणा यायचाय. सर उठले. आवाज जरा कापत होता, मला क्षणभर दयाही आली. म्हणाले, "समाजमाध्यमांचा वापर जपून करावा, हे या निमित्तानं आपण सगळेच शिकलो. एका विद्यार्थिनीच्या बाबतीत गैरसमज झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे." मी तिच्याकडे बघत होते. ती पुढच्या वाक्याची वाट बघत होती. सर खाली बसले.

टाळ्या झाल्या. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, आता आपल्या या लेकीचा सत्कार करू, म्हणजे विषय संपला. तर ती शाल तिच्यासाठीच होती. दहावीच्या पोरीच्या अंगावर म्हाताऱ्याची शाल, हातात नारळ. कशाबद्दल सत्कार ते कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. अध्यक्ष प्रेमानंच म्हणाले, "बेटा, पाया पड गुरुजींच्या. मोठ्यानं माफ करायचं असते अन् लहान्यानं पाया पडायचं असते." मी खुर्चीतून उठेपर्यंत ती वाकलीसुद्धा. लहानपणापासून आम्हीच तिला ते शिकवलं. समोर चार-पाच फोन वर झाले.

घरी सासूबाईंनी नारळ फोडून चटणी केली. ती तिनं खाल्ली नाही. जेवणं होत होती तेव्हा सरांचं नवं स्टेटस आलं. वाकलेली मुलगी, तिच्या डोक्यावर सरांचा हात, आणि 'गुरू-शिष्याचं नातं असंच अतूट राहो.' मी फोन उपडा ठेवला, पण तिनं हात पुढे केला. बराच वेळ पाहिलं.

"याच्यातही माही पाठच हाय," ती म्हणाली. मग फोन परत देत म्हणाली, "उद्या डबा लवकर कर."

मी किती हरखले ते काय सांगू. सकाळी तिच्या आवडीची बेसनाची वडी केली, पोळ्यांना तूप लावलं. डबा घेऊन बाहेर आले तर ती तयार होती. अंगात बापाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल, कमरेला कापूस वेचायची झोळी. तिनं माझ्या हातातून डबा घेतला आणि बापाच्या गाडीवर मागे बसली. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. गाडी गेली. ओसरीतून दीर ते बघत होते. मला त्यांचं 'उन्हाळ्यात उरकून टाकू' आठवलं.

शाळा भरायची वेळ झाली होती. मी सरांना फोन लावला.

"सर, तिच्याशी एकदा बोला. नाव घेऊन बोला. ती कापसात गेली आज."

"ताई, मी वर्गात आहे. आणि ते मिटलं ना काल? सत्कारही झाला. आता काय राहिलं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर फोन त्यांच्या खिशात गेला होता. बंद करायचा राहिला असावा. कापडाची खसखस, मग हजेरी ऐकू यायला लागली. एकेक नाव, एकेक 'हजर सर'. मी अंगणात फोन कानाला दाबून उभी होते. मग तिचं नाव आलं. तिचं, बापाचं, आडनाव, पूर्ण, स्पष्ट, बाकीच्यांची घेतली तसंच.

कोणी 'हजर' म्हणालं नाही. माझ्या ओठांवर आलं होतं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "पऱ्हाटीत गेली सर," आणि वर्ग हसला. सरांनी पुढचं नाव घेतलं.