दूताचं काम

तालमीला आले की सामंत सर आधी माझे हात पंच्याने पाठीमागे बांधायचे. मी मानपाड्याला फरशीचं दुकान शून्यातून उभं केलेला माणूस. हात हलवल्याशिवाय मला भाव सांगता येत नाही. डोंबिवलीच्या शाळेतून निवृत्त झालेले सर तेव्हा एक प्राचीन ग्रीक नाटक बसवत होते. त्यात मी दूत होतो. राजपुत्राचा मृत्यू रंगमंचावर दिसत नाही; दूत येऊन तो राजाला सांगतो.

"शेठ, रडू नकोस," सर मला चिडवून शेठ म्हणायचे. "तोंडावर मुखवटा आहे, रडणं दिसणार कुणाला? आवाज बेंबीपासून काढ आणि पहिल्या वाक्यात मरण सांग."

"थोडं चढवत नेतो ना सर. एकदम सांगितलं तर मजा काय?"

"तू फरशी विकत नाहीयेस."

दुसऱ्या कुणाचं मी ऐकून घेतलं नसतं. पण ती भूमिका मला हवी होती. न मागता, न भांडता मला मिळालेली ती पहिलीच गोष्ट.

प्रयोगाला महिना असताना मी ठाण्याहून माल घेऊन परतत होतो. माजिवड्याला एक मोटारसायकल ट्रकखाली आली होती. गर्दीत शिरलो, तर सरांचा मुलगा नीरज. रुग्णालयात नेलं, पण उपयोग नव्हता. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून सरांच्या घरी गेलो.

"नीरजला जरा लागलंय सर. पायाला. म्हणजे, डोक्यालाही आहे थोडं. डॉक्टर बघतायत."

सरांनी चष्मा काढला. "शेठ, घासाघीस करू नकोस."

माझे हात खाली आले. "नीरज गेला, सर." मग ट्रक कुठून वळला इथपासून सगळं सांगितलं. आवाज कापला नाही.

पंधरा दिवसांनी तालमी पुन्हा सुरू झाल्या आणि सरांनी दूत बँकेतल्या कुलकर्णीला दिला. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर खुर्ची आपटली. "आत्ता कुठे मला जमायला लागलं, आणि आत्ता काढता? काय चुकलं, ते सांगा."

"काही चुकलं नाही," सर म्हणाले. "तुझ्या तोंडून ते मला परत ऐकवणार नाही रे."

मी निघून आलो. प्रयोगालाही गेलो नाही. माझ्यासाठी त्यांनी पहिल्या रांगेतली खुर्ची ठेवली होती, असं नंतर कळलं. मागच्या वर्षी सर गेले. खांदा दिला. राग मात्र तसाच आहे. काम चोख झालं म्हणून ते काढून घ्यायचं, हे मला आजही पटलेलं नाही.