व्याह्यांच्या रिळाला चिंच

भावी व्याह्यांच्या पबात मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा भिंतीवरचे सगळे मासे माझ्याकडेच बघत होते. तोंडं उघडी, डोळे काचेचे, अंगावर वॉर्निशची चकाकी. मराठी मंडळाच्या नाटकाला उशिरा पोचलं की पुढच्या रांगेतले जुने काका माना वळवून बघतात ना, हुबेहूब तसे.

अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवे गावाहून तासभर ड्राइव्ह करून आम्ही तिघं आलो होतो, मी, बायको आणि लेक. लेकीने ज्या मुलाशी लग्न ठरवलं होतं त्याचे वडील नदीकाठच्या एका गावात हा पब चालवत. मुलाची आई काही वर्षांपूर्वी गेलेली. गाडीत लेकीने मला बजावून ठेवलं होतं, "बाबा, ते फार बोलत नाहीत. तूही बोलू नकोस. जस्ट बी नॉर्मल." बोक्याला दुधाशेजारी बसवून 'जस्ट बी नॉर्मल' म्हणण्यातलाच हा प्रकार.

व्याही काउंटरमागे ग्लास पुसत होते. उंच, पांढरी दाढी, चेहऱ्यावर भाव असा नाहीच. इंग्रजीत अहो-जाहो नसतं, पण व्याही म्हटल्यावर मी मनातल्या मनात अहो लावूनच बोलतो. हस्तांदोलन झालं. आता काहीतरी बोलायला हवं म्हणून मी भिंतीकडे हात केला.

"हे सगळे खरे?"

"हो."

"वास येत नाही."

व्याह्यांनी ग्लास खाली ठेवला, दुसरा उचलला.

माझी बायको रत्नागिरीची. मी नागपूरचा, समुद्र पहिल्यांदा कॉलेजच्या सहलीत पाहिला. एका आडव्या, अगडबंब माशाखाली ती हात जोडल्यासारखी उभी होती. "अहो, हा बघा केवढा! अख्ख्या आळीला कालवण पुरलं असतं. आणि ह्यांनी भिंतीला ठोकून वाया घालवला!"

"आई, व्हॉइस डाउन," लेक म्हणाली.

"मराठीत बोलतेय मी."

"माशांना समजतंय."

प्रत्येक माशाखाली एक छोटी पाटी होती. कुणी पकडला, कुठे पकडला, वजन किती. मधल्या जागेत बांबूच्या जुन्या काठ्या, वेताच्या टोपल्या, गंजके गळ आणि रंगीत पिसांच्या खोट्या माश्या, ज्यांना भुलून खरे मासे भिंतीवर आले होते. वजनाचे आकडे वाचून मला शंका आली होती की मासा पाण्यातून बाहेर काढल्यावरच खरा वाढतो. पण मी कोण हसणार? आमच्या दिवाणखान्यात याच उंचीवर लेकीची स्पेलिंगची ट्रॉफी, माझी डिग्री आणि एका गायकासोबतचा माझा फोटो आहे. त्या गायकाने त्या संध्याकाळी मला "जरा बाजूला होता का" एवढंच म्हटलं होतं. पाहुण्यांना मी सांगतो ती पाटी जरा जड आहे.

जेवण झालं. बायको मासे बघत बघत मासेच जेवली. मग लेकीने मूळ मुद्दा काढला. लग्न आमच्या पद्धतीने होणार, तेव्हा मुलाच्या वडिलांनी विधीला स्टेजवर मुलाशेजारी बसावं. मुलाच्या बाजूने बसणारं दुसरं कुणी नव्हतं. ते बसले नाहीत तर आमच्या बाजूला नातेवाइकांची जत्रा आणि त्याच्या बाजूला रिकामे पाट. याच गोष्टीने लेकीची झोप उडाली होती.

व्याही म्हणाले, "काय करायचं असतं?"

त्यांनी प्रश्न विचारला होता! मी खुर्ची पुढे ओढली. लेकीने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, चुकून लागला.

"काहीच नाही, फक्त बसायचं. गुरुजी सांगतील तसं पाणी सोडायचं. आता विधीला नवरा-बायको दोघं लागतात. पण तुम्ही काळजी करू नका. त्याची सोय शास्त्रात आहे. तुमच्या मिसेसच्या जागी आम्ही एक सुपारी देऊ. ती कमरेला खोचायची, की झालं!"

सुपारी म्हणजे काय हे त्यांना कळावं म्हणून मी अंगठा आणि बोट जुळवून तिचा आकारही दाखवला.

भिंतीवरचे मासे गप्प झाले. म्हणजे ते आधीही गप्पच होते, पण आता जाणवलं.

"मी मागे उभा राहीन," व्याही म्हणाले आणि ग्लास पुसायला गेले.

परतीच्या वाटेवर लेकीने गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "बाबा, ही वॉज मॅरिड टू हर फॉर थर्टी इयर्स. आणि तू त्यांना साइज दाखवलास."

"अगं, पण प्रथा आहे ती."

"तुमचे आजोबा विधुर होते तेव्हा त्यांना असं बोटाने दाखवलं होतं का कुणी?" बायकोने मागच्या सीटवरून विचारलं. काही प्रश्नांना उत्तर नसतं, फक्त एक्झिट असते. तीही मी चुकवली.

आता हे मी निस्तरायचं ठरवलं. माझ्या हातून निस्तरलं जातं तेव्हा काय होतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.

होणारा जावई फोनवर माझ्याशी बोलायचा. लेकीने शिकवल्याप्रमाणे मला 'काका' म्हणायचा, पहिल्या का-वर अख्खा अमेरिका खंड ठेवून. त्याच्याकडून कळलं की एप्रिलमध्ये ट्राउटचा मोसम उघडतो. त्या सकाळी गावातले सगळे गळवाले रबरी बूट चढवून पबात न्याहारीला जमतात. काउंटरवर टांगलेलं एक जुनं पितळी रीळ, काठीला लावून दोरा गुंडाळायचं, ते खाली काढतात. प्रत्येक जण त्याची मूठ एकदा फिरवतो आणि मग नदीवर जातो. मोसम चांगला जावा म्हणून.

मी खुर्चीतून उठलोच. "अरे, ही तर खंडेनवमी!"

"काय काका?"

"अवजारांची पूजा! आमच्याकडेही असते!"

नागपूरला आमच्या घरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी वडिलांचे पाने, हातोडी, आईचं शिवणयंत्र, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू व्हायचं. आणि त्याच्याही आधी घरातलं सगळं तांब्या-पितळेचं घासून काढण्याचं काम माझ्याकडे असायचं. चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी. अभियांत्रिकीत मी पुढे जे काही केलं ते विसरा, पण माझ्या हातचा तांब्या बघून शेजारच्या मावशी त्यात तोंड बघून टिकली लावायच्या. आणि व्याह्यांचं ते रीळ मी पाहिलं होतं. काळंकुट्ट, कडांना हिरवट. असलं अवजार कुणी पूजेला काढतं? मोसम काय जाणार चांगला!

मोसम उघडायच्या आदल्या दिवशी मी लग्नाची पहिली पत्रिका द्यायच्या निमित्ताने एकटाच गेलो. व्याही कामाला बाहेर गेले होते, जावई काउंटरवर.

"हे मी घरी नेऊन जरा स्वच्छ करू का? उद्या सकाळी आणतो. सरप्राइज."

"शुअर, काका."

मी फडक्याने धूळ पुसणार असं त्याला वाटलं होतं, हे नंतर कळलं. आपल्याकडचे जावई सासऱ्याला तोंडावर नाही म्हणतात. हा बिचारा नवीन होता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी चिंचेचा कोळ काढला. बायको म्हणाली, "कुणाचं आहे ते? विचारलंत का?"

"व्याह्यांचं."

"त्यांना विचारलंत का?"

"जावयाला विचारलं."

"म्हणजे नाही," असं म्हणून ती आत गेली, पण जाता जाता मिठाचा डबा पुढे सरकवून गेली. घासायला घेतलेलं पितळ अर्धवट सोडणं तिलाही बघवत नाही.

काळं पाणी सिंकमधून वाहत गेलं आणि आतून जे पितळ निघालं, ते सांगतो, देव्हाऱ्यात ठेवलं असतं तर घंटेने लाजावं!

सकाळी पबात पाय ठेवायला जागा नव्हती. व्याही रिकाम्या खिळ्याखाली उभे होते आणि जावई त्यांना काहीतरी समजावत होता. मी गर्दीतून वाट काढत गेलो, रेशमी खणात गुंडाळलेलं रीळ काउंटरवर ठेवलं आणि एका झटक्यात खण ओढला.

खिडकीतून ऊन येत होतं. रिळाचा कवडसा समोरच्या माशाच्या डोळ्यात पडला.

 एका म्हाताऱ्या गळवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, आदराने. मग त्याने ती छातीशी धरली तेव्हा लक्षात आलं की अमेरिकेत हे मयताला करतात.

व्याह्यांनी रीळ उचललं. अंगठा त्याच्या पाठीवरून फिरवला, सावकाश, काहीतरी शोधल्यासारखा. मग मूठ फिरवली आणि पुढच्याच्या हातात दिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

न्याहारीला जावयाने बोलावलेली लेक नंतर पार्किंगमध्ये रडत होती. "बाबा, दॅट्स पॅटिना! तो काळेपणा म्हणजेच तर सगळं असतं. लोक त्या डागांसाठी पैसे देतात!"

"मग आधी सांगायचंस. आपल्या गॅरेजमध्ये पुष्कळ आहेत."

ती हसली नाही. "आता ते मागेसुद्धा उभे राहणार नाहीत," एवढंच म्हणाली. इतकी वर्षं माझ्या विनोदांना निदान डोळे तरी फिरवायची ती. त्या दिवशी तेही नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आठवडा असाच गेला. मग व्याह्यांचा फोन आला. "शनिवारी ये. ते जे काही लावलंस, ते घेऊन ये."

मी चिंचेचा पुडा घेऊन गेलो, शिक्षेला स्वतःची छडी नेणाऱ्या पोरासारखा. पब अजून उघडायचा होता. व्याह्यांनी नुसतं वर बोट केलं. रीळ खिळ्यावर झगमगत होतं आणि त्याच्या उजेडात बाकीचा सगळा पब पहिल्यांदाच दिसत होता. काठ्यांवरची धूळ, माशांच्या पाठीवरची जळमटं, छतावरची काजळी.

"आता लोक ग्लास पुन्हा पुसून घेतात," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी पुसलेले चालायचे." मग खाली बोट केलं. काउंटरच्या तळाशी गिऱ्हाइकांनी पाय टेकायला लांबलचक पितळी दांडी होती. "ही घास. मासे सोडून दे."

मी मांडी घालून बसलो. दांडीला हात लावला आणि सवयीने तो हात कपाळाला गेला.

"हे काय केलंस?"

"आमच्याकडे पितळ म्हणजे देवाचं किंवा पाण्याचं. पाय लागला तर नमस्कार करतात. इथे तर सगळ्या गावाचे लागलेत. म्हटलं, गावातर्फे एक करून टाकू."

त्यांनी हातातलं फडकं काउंटरवर टाकलं. मग गुडघे कडकड वाजवत खाली बसले, दांडीच्या दुसऱ्या टोकाला. नारळाची शेंडी मागून घेतली. आम्ही दोघं घासत राहिलो.

"पब तिच्या वडिलांचा," घासता घासता ते म्हणाले. "रीळही. मी नंतर आलो."

"म्हणजे घरजावई!" माझ्या तोंडून निघून गेलं. अर्थ विचारल्यावर सांगावा लागला. त्यांच्या दाढीत काहीतरी हललं.

"मोसमाच्या दिवशी रीळ तीच खाली काढायची. स्वयंपाकघरातून, तशाच हातांनी. पाठीवर तिच्या अंगठ्याचा एक डाग होता."

मी शेंडी खाली ठेवली. 

"सॉरी," मी म्हणालो.

"घास," ते म्हणाले. "तिलाही तो डाग आवडत नव्हता. पुसते पुसते म्हणायची. मीच पुसू दिला नाही." जरा थांबून म्हणाले, "तुझं ते बी, कमरेला खोचायचं. ते माझ्याने व्हायचं नाही."

मी दांडीकडे बघितलं, मग रिळाकडे. आयुष्यात पहिल्यांदाच मी बोलण्याआधी थोडा थांबलो.

"बीच पाहिजे असं नाही," मी म्हणालो.

लग्नाच्या दिवशी व्याही स्टेजवर, पाटावर, मुलाशेजारी बसले. डोक्याला फेटा, चेहऱ्यावर तोच भाव, म्हणजे नाहीच. आमचे गुरुजी आठवडाभर एका कंपनीचा डेटाबेस सांभाळतात आणि शनिवार-रविवार लग्नं लावतात. सुपारी घेऊन ते वाकले आणि थबकले. व्याह्यांच्या कमरेला, उपरण्यात खोचलेलं पितळी रीळ चमकत होतं.

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. "हे काय? हे चालतं का शास्त्रात?"

"पितळ आहे, गुरुजी. शुद्ध आहे. चिंचेने धुतलंय, मी स्वतः."

गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले. "एक्सेप्शन टाकतो," म्हणाले आणि मंत्र सुरू केले.

पुढे मंगलाष्टकांच्या वेळी लेकीने अंतरपाटाच्या कडेवरून माझ्याकडे बघितलं आणि डोळे फिरवले.